डाळ शिजेना म्हणून विचारलं, आणि साडेअकरा हजार गेले

गेल्या फेब्रुवारीत आमच्या बेळगावच्या घरी तुरीची डाळ शिजेनाशी झाली. रोज नाही, मधूनच. एके दिवशी तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी मऊ व्हायची, आणि चार दिवसांनी त्याच डब्यातली, त्याच वाटीनं मोजलेली डाळ सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाणा वेगळी. घोटलं तरी एकजीव होत नव्हती. चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरू लागला होता, तो घासून जात नव्हता.

मी विचारत सुटले. किराणा दुकानदार म्हणाला, डाळ जुनी असेल, दुसरी नेऊन बघा. नेली, फरक नाही. खानापूरच्या गाडीत शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितलं, चिमूटभर खायचा सोडा घाला. घातला, शिजली, पण चव गेली. रेशनच्या रांगेत कुणी म्हणालं, कुकरचा रबर सैल झाला असेल, वाफ जाते. अनोळखी माणसाला घरातलं काही विचारण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही आणि आजही वाटत नाही. अशा विचारण्यातून कितीतरी गोष्टी शिकले आहे.

रबर घ्यायला मी शहापूरच्या खडे बाजारात एका भांड्याच्या दुकानात गेले. दुकानदाराला अडचण सांगत होते, तेवढ्यात शेजारी उभा असलेला चाळिशीचा गृहस्थ म्हणाला, "मावशी, रबर बदलून काय उपयोग नाही बघा. पाणी जड झालंय तुमचं, क्षार फार त्यात. बोअरचं वापरताय की नाही?"

वापरत होतो. आम्ही वडगावात राहतो. बेळगावच्या काही भागांत चोवीस तास पाणी असतं, आमच्याकडे नळ काही दिवसांआड येतो आणि उन्हाळा जवळ आला की अंतर वाढतं. साठवलेलं संपलं की शेजारच्या बोअरचं घेतो. त्या माणसाला हे काहीच ठाऊक नव्हतं आणि तरी त्यानं बरोबर ओळखलं. तो जे पहिलं वाक्य बोलला ते शंभर टक्के खरं होतं, आणि माझा विश्वास बसला तो तिथेच. पुढचं सगळं खोटं या एका खऱ्या वाक्याच्या आधारावर उभं राहिलं.

"उद्या तिकडं यायचंच हाय मला, जाता जाता पाणी तपासून देतो. पैसे नाही काय नाही." बोलणं आमच्यासारखंच, 'पण'च्या जागी 'खरं' म्हणणारं. गाव खानापूरकडचं सांगितलं. आपल्याकडे दुकानाची पाटी कन्नडमध्ये, पाण्याचं बिल कन्नडमध्ये, कुठल्याही कचेरीत गेलं की पहिलं वाक्य जुळवताना जीव अर्धा होतो. अशात कुणी घरच्या भाषेत, मावशी म्हणून बोललं की मन सैल पडतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्याला ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला तो दारात. गळ्यात कार्ड होतं. मी मागितलं, त्यानं लगेच काढून दिलं. कार्ड कन्नडमध्ये होतं. मला अक्षरं जुळवत वाचता येतं, पण सासूबाई आणि शेजारीण बघत असताना अडखळत वाचायला संकोच वाटला. नुसतं वरवर बघून परत दिलं.

त्यानं पेनासारखं यंत्र बोअरच्या पाण्यात बुडवलं. आकडा आला ६४०. मग माठातलं, म्हणजे नळाचं पाणी एका काचेच्या ग्लासात मागितलं, दुसऱ्या ग्लासात स्वतःच्या बाटलीतलं ओतलं. बॅगेतून एक डबी काढली, तिला खाली चार सळ्या, दोन काळपट, दोन पांढुरक्या. एकेक जोडी एकेका ग्लासात सोडली आणि वायर लाईटच्या बोर्डात लावली.

त्याच्या पाण्याला काही झालं नाही. आमच्या ग्लासात आधी सळईभोवती बारीक बुडबुडे आले, मग हिरवट धूर उतरावा तसं काहीतरी खाली उतरलं, आणि दोनेक मिनिटांत सगळं पाणी तपकिरी. वर फेस, तळाशी शेवाळासारखे गोळे. ओट्याजवळ गंजक्या लोखंडाचा वास आला. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "हे पितो आपण?" तो हळू आवाजात म्हणाला, "आजी, हेच पोटात जायलंय बघा. घरात कुणाला मुतखडा वगैरे?"

यांचं मुतखड्याचं ऑपरेशन वर्षापूर्वीच झालेलं. मी काही विचार केला असेल तर तो तिथे संपला.

पाणी शुद्ध करणारं आरओ मशीन चौदा हजारांचं, आपल्या माणसाला साडेअकरा. सहा हजार त्याच वेळी फोनवरून पाठवले. चौकोनी कोड लावल्यावर एका बाईचं नाव आलं. "मिसेसच्या नावानं खातं हाय," म्हणाला. दुसऱ्या दिवशी एका पोरानं येऊन मशीन बसवलं, राहिलेले साडेपाच हजार त्याच खात्यावर गेले. बिल 'ऑफिसमधून येईल'. हातात आलं ते एक गुळगुळीत वॉरंटी कार्ड, त्यावर ना शिक्का, ना पत्ता.

पाणी आम्हाला गोड लागलं. पाहुण्यांनाही मी कौतुकानं दिलं. पण बोअरचं पाणी मशीनमधून काढून डाळ लावली, तर डाळ तशीच. हा धागा मी तेव्हाच पकडायला हवा होता. महिन्यानं मशीन खालून गळू लागलं. फोन लावला तर बंद.

गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं. आरओमध्ये पाण्यातले क्षार अडवणारी पडद्याची गुंडाळी असते, तिला मेंब्रेन म्हणतात. ती ज्या नळकांड्यात बसते ते नळकांडं आमच्या मशीनमध्ये रिकामं होतं. नुसता कापसासारखा फिल्टर आणि कोळशाचा डबा. पाणी गाळलं जात होतं, क्षार जसेच्या तसे. त्यानं एक खूण सांगितली, ती लक्षात ठेवा. खरं आरओ घरात जेवढं पाणी देतं त्याहून जास्त सांडपाण्याच्या नळीतून बाहेर टाकतं. आमच्या नळीतून थेंब थेंब यायचे आणि मला वाटायचं, मशीन किती छान, पाणी वाया घालवत नाही.

तरीही तो तपकिरी ग्लास डोळ्यांपुढून जाईना. मशीन खोटं असेल, पण पाणी घाण आहे ते तर डोळ्यांनी पाहिलं ना? शेवटी मागच्या गल्लीतले सर, मराठी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, त्यांच्याकडे गेले. त्यांनी पाच रुपयांचं नाणं टाकून वीस लिटर मिळतं त्या केंद्रावरचं आरओचं पाणी दोन ग्लासांत घेतलं. एकात चिमूटभर मीठ टाकून ढवळलं. दोन्हींत दोन-दोन लोखंडी खिळे, आणि जुन्या बारा व्होल्टच्या ॲडॉप्टरच्या तारा. (लाईटच्या बोर्डातून थेट वायर घेऊन हे कुणी करू नका, जीव जाईल.) बिनमिठाचं पाणी स्वच्छ राहिलं. मिठाच्या ग्लासात तोच हिरवट धूर, तोच तपकिरी गाळ, तोच वास. ते पाणी शुद्धच होतं आणि मीठ आमच्या डब्यातलं.

सरांनी सांगितलं ते असं. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची सळई झिजते, लोखंड पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज होतो. पांढऱ्या सळ्या ॲल्युमिनियमच्या. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि सळई झिजत नाही. ग्लासातली घाण सळईची होती. मला मग आठवलं, त्यानं सळ्या बाहेर काढल्या काढल्या फडक्यानं पुसून आत ठेवल्या होत्या. कुणी जवळून पाहिल्या असत्या तर काळपट सळई कुरतडल्यासारखी दिसली असती.

तो ६४० आकडा म्हणजे टीडीएस, एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम ते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं धरलं आहे आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतं. त्यावरून जंतू कळत नाहीत. सरांनी माठातल्या पाण्याचा आकडा घेतला, शंभराच्या आत. म्हणजे पिण्याच्या पाण्याला आरओची गरजच नव्हती. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये केंद्राला सांगितलं होतं. हे आधी ठाऊक असतं तर मी त्याला माठातही पेन बुडवायला लावलं असतं. त्यानं ते टाळलं होतं.

डाळीचं कोडं भिंतीवरच्या कॅलेंडरवर सुटलं. नळ येतो त्या तारखेला मी टिंब करते. टिंबानंतरचे दोन-तीन दिवस डाळ शिजायची, पुढे बोअर सुरू झालं की नाही. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे डाळीचे कण एकमेकांना घट्ट धरून राहतात. आता नळाची एक कळशी फक्त डाळीसाठी बाजूला झाकून ठेवते. तीही संपली तर बोअरचं पाणी खळखळून उकळते, निवू देते, तळाशी क्षार बसला की वरचं घेते. त्यातही बराच फरक पडतो. पातेल्याचा पांढरा थर लिंबाच्या सालींनी तासाभरात सुटतो.

पैशांचं सांगते. ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या नंबरवर पैसे गेल्यागेल्या फोन केला तर ते अडवता येण्याची आशा असते, मी पाचव्या आठवड्यात केला. ग्राहकांच्या तक्रारींच्या १९१५ या नंबरवरही तक्रार नोंदवली, पण बिल नाही, पत्ता नाही, कार्डाचा फोटो नाही. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांत दारात येणाऱ्या विक्रेत्यानं ओळखपत्र बाळगावं, आधी वेळ ठरवल्याशिवाय येऊ नये असं आहे. ओळखपत्राचा फोटो काढून ठेवा. वाचता येत नसेल तर गल्लीतल्या शाळेच्या पोराला बोलावून मोठ्यानं वाचून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि ज्यानं अडचणीचं कारण सांगितलं त्याच्याचकडून लगेच औषध विकत घेऊ नका, मध्ये एक रात्र आणि एक तिसरा माणूस येऊ द्या.

मे महिन्यात येळ्ळूरहून नणंदेचा फोन आला. "वैनी, पाणी तपासणारा आलाय, आमचं पाणी लालभडक झालं बघ." आवाज घाबराघुबरा. मी म्हटलं, त्याच्या बाटलीतलं पाणी नव्या ग्लासात घे, चिमूटभर मीठ टाक आणि त्याला म्हण, आता ह्यात सळया सोड. फोन चालूच होता. भांड्याचा आवाज आला, मग नणंदेचं "घाला की ह्यात", मग बराच वेळ काही नाही. नंतर बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आणि गाडी सुरू झाल्याचा.