सुलोचना चव्हाणांच्या लावण्या, रेकॉर्डवर आणि ॲपवर: काही महिने ऐकून झाल्यावर

गणपतीआधी घेतलेला जुना रेकॉर्ड प्लेअर, त्यावर लावायला जमवलेल्या लावणीगायिका सुलोचना चव्हाणांच्या तबकड्या आणि जोडीला मोबाइलवरचं गाण्यांचं ॲप, हा सगळा पसारा शिमगा उलटला तरी आमच्या काळाचौकीच्या घरात रोज चालू आहे. "लावण्यांसाठी एवढा खर्च कशाला, सगळं फुकट ऐकायला मिळतं की," असं ऑफिसात दोघीतिघींनी विचारलं. त्यांना डबा खाता खाता जे सांगितलं तेच इथे ऐसपैस लिहिते. पैसे वसूल झाले. आणि ते वसूल झाले रेकॉर्डच्या लेबलवरच्या दोन ओळींमुळे.

म्हणजे असं बघा. सुलोचनाबाई गाणी लिहीत नव्हत्या, चाली बांधत नव्हत्या. पडद्यावर नाचायची ती जयश्री गडकर किंवा दुसरी कुणी, शब्द गदिमांचे नाहीतर खेबूडकरांचे, चाल बरेचदा वसंत पवारांची. मग बाईंचं नेमकं काय? ॲपवर हा प्रश्नच पडत नाही. तिथे फोटो एकच, नाव एकच, गाणी एकाखाली एक. चार गाणी झाली की सगळ्या लावण्या एकसारख्या वाटायला लागतात आणि पोळ्या लाटताना मागे वाजत राहतात. रेकॉर्डवर मात्र कवीचं नाव आणि संगीतकाराचं नाव छापलेलं असतं. ते वाचून मी एका कवीची दोन गाणी, मग दुसऱ्या कवीचं एक, असं लावून लावून ऐकायला लागले, आणि तेव्हा कुठे बाईंची कामगिरी कानाला कळायला लागली.

सगळ्यात जास्त वाजवलेली गाणी 'मल्हारी मार्तंड'ची. चित्रपट १९६५चा, गीतं गदिमांची, संगीत वसंत पवारांचं. त्यातल्या 'पदरावरती जरतारीचा मोर नाचरा हवा'मध्ये मुलगी आईजवळ नव्या शालूचा हट्ट धरते. 'फड सांभाळ तुऱ्याला ग आला'मध्ये उसाच्या फडाला तुरा आलाय, कोल्हा लागलाय, राखण कर, असा सल्ला आहे. दोन्ही एका माणसानं, एका चित्रपटासाठी लिहिलेली. पहिलं गाणं बाई लाडात येऊन गातात, पण लाडाचा चिकटपणा येऊ देत नाहीत. 'हवा' म्हणताना आवाज किंचित वर उचलतात, आणि ही पोर शालू घेतल्याशिवाय इथून हलायची नाही हे तेवढ्यात कळतं. दुसरं नुसतं वाचलं तर शेतकऱ्याला दिलेली सूचना वाटावी. बाईंनी 'सांभाळ' म्हटलं की मात्र ऊस, कोल्हा, राखण सगळंच संशयास्पद होतं! चावट शब्द त्या कधी चावटपणे म्हणत नाहीत. सरळ तोंड ठेवून म्हणतात आणि हसायचं काम ऐकणाऱ्यावर सोडतात. 'गीतरामायण' लिहिणाऱ्या माणसाच्या लेखणीतला हा खट्याळपणा नेमका किती उघडा करायचा आणि किती झाकायचा, ते ठरवलं गाणारीनं. कागदावर ते कुठेच लिहिलेलं नसतं.

मला बाई म्हणून यात आणखी एक गोष्ट दिसते. हे सगळे शब्द पुरुषांनी लिहिलेले, समोर बसलेल्या पुरुषांसाठी, बाईच्या तोंडी घातलेले. त्यात बाई म्हणजे बघायची वस्तू व्हायला वेळ लागत नाही. सुलोचनाबाईंच्या आवाजात ती तशी होत नाही. गाण्यातली बाई समोरच्याला जोखत असते. लगाम तिच्या हातात असतो आणि समोरचे रावसाहेब, पाटील, जे कोण असतील ते, जरा गोंधळलेले वाटतात. माझं हे मत ऑफिसात फारसं कुणाला पटलेलं नाही, हेही सांगून टाकते.

खेबूडकरांचं वेगळं. १९६२च्या 'रंगल्या रात्री अशा'मधली कोल्हापूरच्या लवंगी मिरचीची लावणी त्यांच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटगीतांपैकी, आणि तिला आवाज मिळाला तो सुलोचनाबाईंचा. पुढे १९६४च्या 'सवाल माझा ऐका'मध्ये 'सोळावं वरीस धोक्याचं'. गदिमांच्या ओळी वळसे घेत येतात, खेबूडकरांच्या थेट अंगावर येतात. बाईंनी तो फरक ओळखलेला जाणवतो. खेबूडकर गाताना व्यंजनांवर जोर वाढतो. 'धोक्याचं'मधला 'ध' असा आपटतात की पुढचा ढोलकीचा तोडा म्हणजे त्याचाच प्रतिध्वनी वाटावा. आमच्याकडे घरी हे गाणं लागलं की माझी मुलगी हेडफोन काढून ऐकते, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र माझ्याकडे नाही.

तुलना टाळता येत नाही म्हणून थोडक्यात. 'सांगत्ये ऐका'मधली आशाबाईंची 'बुगडी' आणि 'पिंजरा'तल्या उषाबाईंच्या लावण्या मला तितक्याच आवडतात. आशाबाई गाण्यातल्या बाईचं सोंग इतकं सुंदर घेतात की ते सोंग आहे याचीच मजा वाटते. उषाबाईंचा स्वर धारदार, 'पिंजरा'च्या त्या वातावरणाला नेमका बसणारा. सुलोचनाबाईंकडे शब्द आधी येतो आणि सूर त्याच्या मागून चालतो. ज्यांना सुरांची कलाकुसर हवी त्यांना त्या कधीकधी कोरड्या वाटतील. मला तो कोरडेपणा चालतो.

आता 'कळीदार कपुरी पान'. या एका गाण्यासाठी मी प्लेअर घेतला असता. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची. म्हणजे शाहीर साबळ्यांनी घराघरात पोचवलेलं आणि २०२३मध्ये राज्यगीत झालेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' ज्या जोडीचं, तीच जोडी इथे विडा लावायला बसलेली! फडावरच्या लावणीची घाई यात अजिबात नाही, ही बैठकीची चाल. पान, चुना, कात, एकेक जिन्नस निवांत येतो आणि विडा पुढे केला जातो. खळ्यांच्या चालीत मध्ये मध्ये मोकळी जागा असते, आणि दुसरी कुणी गायिका ती जागा सुरांच्या हरकतींनी भरून टाकेल. बाई भरत नाहीत. थांबतात. त्या थांबण्यात पानाला चुना लागतो आहे हे दिसतं. मोबाइलच्या स्पीकरवर हे थांबणं हरवतं, कारण तिथे ढोलकीचा खर्ज ऐकूच येत नाही आणि ठेक्याशिवाय शांतता नुसतीच रिकामी वाटते. रेकॉर्डवर सुईची खरखर असूनसुद्धा ठेका पोटात जाणवतो.

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांना मी विचारलं, "आई, तुम्ही तेव्हा लावणी बघायला जायचात का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. "बायका कशाला जातायत? हे जायचे हनुमान थेटरात, पगार झाला की. आम्ही रेडिओवर ऐकायचो, कुकर लावता लावता. मोठ्यानं नाही लावायचा." लालबागचं हनुमान थिएटर म्हणजे गिरणगावातलं तमाशाचं ठिकाण, आता राहिलेलं नाही. सासूबाईंच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना लावणी भेटली ती फक्त रेडिओ आणि रेकॉर्डमधून, म्हणजे बहुतेक सुलोचनाबाईंच्याच गळ्यातून. डोक्यावरचा पदर न ढळू देता स्टेजवर उभं राहून गाणारी ही बाई घरातल्या बायकांना परकी वाटली नसणार. आता आई पान लावतानाच्या ओळीला मान डोलावतात आणि आवाज वाढव म्हणतात.

बाईंची माहिती बहुतेकांना असेल, म्हणून पटकन. जन्म १३ मार्च १९३३, गिरगावच्या फणसवाडीतल्या. माहेरच्या कदम. लहानपणी गाण्या-नाटकांच्या मेळ्यात काम, मग अगदी कोवळ्या वयात हिंदी चित्रपटांत पार्श्वगायन. 'हीच माझी लक्ष्मी'साठी वसंत देसाईंनी त्यांच्याकडून पहिली लावणी गाऊन घेतली. पुढे श्यामराव चव्हाणांशी लग्न झालं, आणि शब्द कसा टाकायचा, कुठे वजन द्यायचं हे लावणीचं शिक्षण त्यांना मिळालं ते नवऱ्याकडूनच. रीतसर गाण्याचा क्लास नाही. 'लावणीसम्राज्ञी' हे नाव आचार्य अत्र्यांनी दिलेलं. पद्मश्री मिळाली २०२२मध्ये, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या. पद्मश्रीला एवढा उशीर का, यावर मी इथे लिहायला लागले तर परीक्षण बाजूला राहील.

हिंदीतली के. सुलोचना किंवा सुलोचना कदम ऐकायला विसरू नका. १९५१च्या 'ढोलक'मध्ये श्यामसुंदर यांच्या चालीवरचं 'चोरी चोरी आग सी दिल में लगाकर चल दिए' ऐकलं तर हीच ती बाई यावर विश्वास बसत नाही. आवाज पातळ, हळवा, सगळा भर सुरावर. तेच गाणं आधी आणि लगेच 'फड सांभाळ' लावून बघा. आवाज तोच, काम पूर्ण बदललेलं. इथे ॲपचा कारभार फारच वाईट आहे. माझ्या ॲपवर कदम आणि चव्हाण या दोन वेगळ्या गायिका म्हणून नोंदवल्यात, आणि तिसऱ्या एका पानावर चक्क अभिनेत्री सुलोचनादीदींचा फोटो लावून लावण्या टाकल्यात. दुरुस्त करा म्हणून कळवलं, आभाराचा मेल आला, फोटो आहे तिथेच आहे.

तक्रारी आणखी आहेत. ॲपवरच्या काही गाण्यांना नव्यानं 'साफ' करताना खरखरीबरोबर घुंगरांचा वरचा नादही पुसून टाकलाय. काहींना खालून जास्तीचा बास दिलाय, तो ढोलकीशी सतत भांडतो. आणि बाईंच्या नावाखाली दुसऱ्याच कुणीतरी गायलेल्या आवृत्त्या बेधडक घुसवलेल्या असतात, त्या तीन सेकंदांत ओळखू येतात. उतारवयातले त्यांचे कार्यक्रमांचे व्हिडिओ मात्र जरूर बघा. आवाज थकलेला, श्वास पुरत नाही, तरी शब्द टाकण्याची जागा एका केसानं हललेली नाही.

रेकॉर्डच्या बाजूनेही सगळं गोड नाही. ऑनलाइन मागवलेली एक ईपी, म्हणजे छोटी तबकडी, 'उत्तम स्थितीत' म्हणून आली आणि पहिल्याच कडव्यात सुई जागच्या जागी उड्या मारायला लागली. पैसे परत मिळेपर्यंत विक्रेत्यानं जीव काढला. लावण्यांच्या तबकड्या एकूणच झिजलेल्या मिळतात, कारण लोकांनी त्या कपाटात ठेवल्या नाहीत, वाजवल्या. त्यात एक मजा म्हणजे पुष्कळदा एकच बाजू घासून पांढरी पडलेली असते, दुसरी कोरी करकरीत. आधीच्या मालकाला काय आवडायचं ते हातात धरल्याबरोबर कळतं.

प्लेअरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जुना आहे, ३३, ४५ आणि ७८ तिन्ही वेगांचा आहे, पट्टा एकदा बदलला. पावसाळ्यात दमट हवेनं कव्हरांना बुरशी धरली, तेव्हापासून तबकड्या उभ्या ठेवते आणि कव्हरं अधूनमधून उन्हात नाही, पंख्याखाली वाळवते. उन्हात तबकडी विसरली तर ती पापडासारखी वाकडी होते.

कुणी नव्यानं सुरुवात करणार असेल तर आधी ईपी घ्या. सात इंची, ४५च्या वेगाची, एका बाजूला साधारण दोन गाणी, स्वस्तही मिळते. ७८च्या लाखेच्या तबकड्या मोहात पाडतात, पण त्यांच्या खाचा रुंद असतात, त्यांना वेगळी सुई लागते. साध्या सुईनं वाजवलं तर सुई खाचेच्या तळाशी घासत राहते, खरखर दुप्पट ऐकू येते. पडली की तुकडे होतात, ते वेगळंच. म्हणून सुई आधी, तबकडी मग. घेताना उजेडात तिरकी धरून बघा. नुसते केसासारखे ओरखडे असतील तर चालतं, नखाला लागणारा ओरखडा असेल तर ठेवून द्या. लेबल फाटलेलं असेल तर मी तरी घेत नाही, मग गाणं कितीही आवडतं असो. चोरबाजारात मटण स्ट्रीटला जायचं तर शुक्रवार सोडून जा, त्या दिवशी दुकानं बंद असतात. आणि दुकानदाराला "लावणीच्या आहेत का" असं विचारू नका, तो रिमिक्सच्या सीडी काढून दाखवतो. सरळ "वसंत पवार आहे का" म्हणून विचारा.