मधुमेहाच्या शस्त्रक्रियेचं पॅकेज: पैसे भरण्याआधी काय तपासाल

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचं पॅकेज आता बऱ्याच ठिकाणी मधुमेहाच्या नावानेच मिळतं. टाइप-2 मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही असतील तर ती नुसत्या औषधांपेक्षा सरस ठरते. पण ‘मधुमेहातून कायमची सुटका’ असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. क्लीव्हलंड क्लिनिकच्या ‘स्टॅम्पीड’ चाचणीत 150 रुग्ण होते आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा) 6 टक्के किंवा त्याखाली आणायचं होतं. वर्षभराने औषधांवरच्या 12 टक्के, स्लीव्हच्या (जठर कापून नळीसारखं लहान करणं) 37 टक्के आणि बायपासच्या (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं) 42 टक्के रुग्णांना ते जमलं. पाच वर्षांनी हेच आकडे 5, 23 आणि 29 वर आले. सरशी शस्त्रक्रियेचीच, पण तिचाही फायदा वर्षागणिक झिजतो.

कुणाला किती फायदा होणार हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. मधुमेह किती वर्षांचा आहे, इन्सुलिन चालू आहे का आणि स्वादुपिंडात किती दम उरलाय, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं उत्तर सी-पेप्टाइड या रक्ततपासणीतून मिळतं; शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं हे ती सांगते. त्याच वेळी साखरही मोजावी, नाहीतर नुसत्या आकड्याचा अर्थ लागत नाही. पंधरा वर्षांचा मधुमेह आणि इन्सुलिन असेल तर वजन आणि डोस उतरतील, पण औषधं पूर्ण सुटण्याची आशा धरू नये. ही तपासणी न करता तारीख देणारं पॅकेज घेऊ नका.

मधुमेह नवा असेल तर आहाराला आधी संधी द्यावी. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत सहा वर्षांच्या आतला मधुमेह असलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्यांना तीन ते पाच महिने रोज 825 ते 853 कॅलरी दिल्या. वर्षभराने 46 टक्क्यांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता, दोन वर्षांनी 36 टक्क्यांचा. असा आहार स्वतःच्या मनाने करू नये, कारण गोळ्या पहिल्याच दिवशी कमी कराव्या लागतात. टिर्झेपेटाइडसारखी भूक कमी करणारी इंजेक्शनंही वजन चांगलं उतरवतात, पण थांबवली की ते बहुधा परत चढतं.

स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात. ती सोपी, म्हणून सर्रास होते. पण जळजळ, आंबट पाणी वर येणं वाढू शकतं. हा त्रास आधीपासून असेल तर एंडोस्कोपी करून बायपासचा विचार करावा. बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागतात, नाहीतर जठर-आतड्याच्या जोडाशी अल्सर होऊ शकतो.

गडबड होते ती बहुतेकदा औषधांत. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी बंद हवं, नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठतं. घरी गेल्यावर ग्लिमेपिराइड (इन्सुलिन वाढवणारी गोळी) जुन्याच डोसात चालू राहिलं तर साखर धोकादायक खाली जाते. नाडी 120 च्या वर आणि पोटात किंवा खांद्यात दुखत असेल तर टाक्यांतून गळती समजून लगेच रुग्णालय गाठा. उलट्या थांबत नसतील तर ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-1) द्यायला हवं. हे चुकलं तर मेंदूला इजा होते.

पुढचं काम ताटातलं. रोज किमान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात आणि वाटीभर वरणात जेमतेम पाच-सहा ग्रॅम असतात. त्यामुळे शाकाहारी माणसाला पनीर, दही, सोया आणि प्रथिनांची पावडर यांचं गणित आहारतज्ज्ञाकडून मांडून घ्यावं लागतं. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. बी-12, लोह, डी-3 आणि कॅल्शियम सायट्रेट जन्मभर. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर. तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी रक्ततपासणी. हा पाठपुरावा पॅकेजमध्ये नसेल तर स्वस्त दर फसवा आहे.

मेडिक्लेमचं आधी पाहून घ्या. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या प्रमाणित अटींत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 40, किंवा अनियंत्रित टाइप-2 मधुमेहासह 35 हवा. आशियाई लोकांसाठी शल्यविशारद 27.5 पासूनच विचार करतात. म्हणजे 31 बीएमआयच्या माणसाला डॉक्टर योग्य उमेदवार म्हणतील, तरी विमा कंपनी नकार देऊ शकते. पूर्वमंजुरी लेखी हातात आल्याशिवाय दाखल होऊ नका.