आयरिश सणांचा हस्तकला-संच : दहा महिन्यांच्या वापरानंतर

आम्ही डब्लिनमध्ये राहतो. इथले सण माझ्या पाच वर्षांच्या मुलीला, मीराला, हाताने काही करून कळावेत, या इच्छेने मी जानेवारीत ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठीचा एक हस्तकला-संच घेतला.

पहिला उपक्रम १ फेब्रुवारीच्या, आयरिश संत ब्रिजिड हिच्या, म्हणजे सेंट ब्रिजिडच्या दिवसाचा होता. या सणाची सार्वजनिक सुट्टी २०२३ पासून मिळते. ब्रिजिडचा क्रॉस विणण्यासाठी संचात रंगीत पाइप क्लीनर दिले आहेत. तार वाकवली की तशीच राहते, त्यामुळे क्रॉस पाच मिनिटांत झाला आणि संध्याकाळपर्यंत विसरलाही गेला. खरे तर हा क्रॉस लव्हाळ्यांचा करतात आणि आगीपासून घराचे रक्षण व्हावे म्हणून दाराच्या वर लावतात. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही पाणथळ जागेतून लव्हाळी उपटून आणली. एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर घालायची, पाव वळण द्यायचे आणि पुन्हा नवी काडी घ्यायची. चौथ्या काडीला मीराचा हात सैल पडे आणि मधला चौकोन उसवून जाई; अंगठा दाबून धरायचा असतो, हे तिचे तिलाच उमगले. तो क्रॉस आजही आमच्या दारावर आहे.

१७ मार्चच्या सेंट पॅट्रिकच्या दिवसासाठी दिलेल्या साच्यांतील पानाला चार दले आहेत, ही चूक मला गंभीर वाटते. शॅमरॉक, म्हणजे आयर्लंडचे प्रतीक मानले जाणारे हे छोटे पान, त्रिदलच असतो. आयर्लंडचा संत पॅट्रिक याने त्याच्या तीन दलांवरून ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव) समजावले, अशी आख्यायिका आहे आणि लहान मुलांना सांगायची गोष्ट नेमकी तीच आहे. बेलाचे पान ओळखणाऱ्या मुलीला हा फरक सांगावाही लागला नाही, तिनेच चौथे दल कापून टाकले.

संचातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ओघम या जुन्या आयरिश लिपीचा तक्ता. आयर्लंडच्या केरी आणि कॉर्क या परगण्यांमधील प्राचीन शिळांवर कोरलेल्या या लिपीत मुळात २० अक्षरे असून त्यांचे पाच-पाचांचे चार गट आहेत, आणि प्रत्येक अक्षर एक ते पाच रेघांचे किंवा खाचांचे असते. मीराने आइसक्रीमच्या काडीवर आपले नाव खालून वर लिहिले : ‘म’ची एक तिरकी रेघ, ‘ई’च्या पाच खाचा, ‘र’च्या पाच तिरक्या रेघा आणि ‘आ’ची एक खाच. ‘एक, पाच, पाच, एक’ असे ती कितीतरी दिवस मोजत होती.

गोंद मे महिन्यातच वाळला. कात्री मात्र चांगली आहे.

हॅलोविनसाठी कागदी भोपळा दिला आहे, पण इथला जुना कंदील सलगमाचा. तो फार कठीण असल्याने मी स्टीलच्या चमच्याने कोरला, डोळे कुठे कापायचे ते मीराने आखून दिले. पुढच्या वर्षी नवा संच घेणार नाही. ओघमचा तक्ता जपून ठेवला आहे आणि लव्हाळी जवळच मिळतात.