स्लीव्ह की बायपास? आम्हा दोघी बहिणींचा अनुभव

स्लीव्ह आणि बायपास या वजन कमी करायच्या दोन शस्त्रक्रिया. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ८० टक्के भाग कापून काढतात, आतड्याला हात लावत नाहीत. बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. ताईने स्लीव्ह केली, वजन मस्त उतरलं पण ॲसिडिटी वाढली, अजून उशाला उशी लावून झोपते बिचारी. मला आधीच जळजळ आणि शुगर, म्हणून डॉक्टरांनी बायपास सुचवली आणि खरंच जळजळ गेली, शुगरच्या गोळ्याही कमी झाल्या, पण श्रीखंड जरा जास्त खाल्लं की घाम, धडधड, आडवंच व्हावं लागतं. बी-१२, लोह, कॅल्शियम दोघींनाही कायमचं. सुरुवातीला दोघीही मुगाचं कढण घोट घोट प्यायचो, घाई केली की छातीत अडकायचं, केसही गळले. ॲसिडिटी असेल तर ठरवण्याआधी एंडोस्कोपी कराच.