फायलींच्या वाटेचे ऑडिट: एका नागरी सहकारी बँकेचा अनुभव

आमच्या नागरी सहकारी बँकेने यंदा माहिती प्रणालीच्या लेखापरीक्षणाचे काम सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतील एका संस्थेकडे सोपवले. पुढे दोन तक्रारीही यायच्या असल्याने तिचे नाव देत नाही. आधीचे लेखापरीक्षक कोअर बँकिंग, म्हणजे खात्यांचा सगळा हिशेब ठेवणारी मुख्य प्रणाली तपासत, सर्व्हर खोलीतला अग्निशामक पाहत, पासवर्डचे धोरण मागून घेत आणि निघून जात. कोअर बँकिंग, एटीएम स्विच (एटीएमचे व्यवहार मंजुरीसाठी पुढे पाठवणारी प्रणाली) आणि नाच (एनएसीएच, पगार-हप्त्यांसारखे घाऊक व्यवहार बँकांमध्ये पोहोचवणारी देशव्यापी प्रणाली) यांच्यात फायलींची जी ये-जा रोज चालते, ती मधली वाट कोणाच्याच यादीत नसे. या मंडळींनी कामाला सुरुवातच तिथून केली.

एका प्रणालीतून दुसरीत जाणाऱ्या प्रत्येक फायलीची यादी त्यांनी पहिल्याच दिवशी मागितली. आम्ही नऊ सांगितल्या. तिसऱ्या दिवशी यादी चौदावर गेली. त्यातली एक फाइल मुख्यालयातील लिपिक रोज सकाळी पेनड्राइव्हवरून नेत होता, हे आयटी विभाग सांभाळणाऱ्या मलाही ठाऊक नव्हते.

खरी किंमत वसूल झाली ती पगाराच्या फायलीच्या चाचणीत. साखर कारखान्याकडून आलेली ही फाइल कोअर बँकिंगमध्ये चढवण्याआधी काही वेळ सामायिक फोल्डरमध्ये पडून असते. लेखापरीक्षकांनी चाचणी सर्व्हरवर तिची प्रत नोटपॅडमध्ये उघडली आणि दोन कामगारांचे खाते क्रमांक आपसांत बदलले. नोंदींची संख्या तीच, रकमेची बेरीज तीच, आणि ज्या खाते क्रमांकांच्या बेरजेवर आमची मदार होती तीही तीच राहिली, कारण अदलाबदलीने बेरीज हलत नाही. फाइल बिनतक्रार चढली आणि एकाचे ४१,७०० रुपये दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले. यावर आम्ही एसएचए-२५६ सुचवले, म्हणजे फायलीतून काढलेला आणि फाइल जराही बदलली की बदलणारा ठसा (हॅश), तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले की तो हॅश त्याच फोल्डरमध्ये ठेवणार असाल, तर फाइल बदलणारा हॅशही नव्याने काढून ठेवणार नाही का? शेवटी कारखान्याने फायलीवर डिजिटल स्वाक्षरी करावी आणि चढवण्यापूर्वी आमच्या सर्व्हरने ती तपासावी, असे ठरले.

एवढ्या बारकाईवर खर्च कशाला, असा प्रश्न संचालक मंडळात आलाच. उत्तरादाखल लेखापरीक्षकांनी ऑगस्ट २०१८ मधील पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील सायबर हल्ला मांडला. तिथे बनावट स्विचने कोअर बँकिंगला न विचारताच एटीएमचे व्यवहार मंजूर केले आणि एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यानंतर कोणी खर्चाचे नाव काढले नाही.

ताळमेळाच्या, म्हणजे दोन प्रणालींच्या नोंदी जुळवून पाहण्याच्या भागाला त्यांनी एकच दिवस दिला, पण तोही वाया गेला नाही. स्विचकडून आलेल्या ज्या नोंदी कोअर बँकिंग नाकारते त्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये जातात, आणि तो फोल्डर उघडण्याची जबाबदारी आमच्याकडे कोणावरच नव्हती. एटीएममधून पैसे न मिळता खात्यातून वजा झाले, तर ते पाच दिवसांत परत करावे लागतात आणि त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. अशा तीन नोंदी तिथेच पडून होत्या.

आता तक्रारी. ही मंडळी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आली. वर्षअखेरीला बँकेत पाय ठेवायला जागा नसते, हे त्यांना सांगायला नको होते. दुसरी तक्रार गंभीर आहे. अहवालाचा निम्मा भाग साच्यातला होता आणि एका पानावर दुसऱ्याच बँकेचे नाव तसेच राहिले होते. जी संस्था आमच्या फायली कुठे सांडतात हे शोधायला आली, तिने स्वतःच्या फायलीत असे करावे, हे मला अजून पचलेले नाही. त्यांनी माफी मागून अहवाल बदलून दिला, पण ते पान तोवर आमच्या सगळ्या संचालकांनी वाचले होते.

फेरतपासणीचे शुल्क मूळ करारातच होते, त्यामुळे जूनमध्ये ते पुन्हा आले. अदलाबदल केलेली पगाराची फाइल या वेळी सर्व्हरने परत केली. पेनड्राइव्हची फाइल मात्र अजून पेनड्राइव्हवरूनच जाते.