पिल्लू पापलेट न ठेवणाऱ्या मावशी: आमच्या मच्छी मार्केटमधला एक गाळा

माहीमकडे राहत असाल आणि घरात मासे लागत असतील, तर मासळी या मावशींकडून घ्या. मार्केटच्या मागच्या दाराने शिरलं की डाव्या हाताला, बर्फाच्या पेटीपाशी त्या बसतात. पाटी नाही, नाव नाही. रास छोटी असते, पण ताजी असते. पापलेटचा कल्ला दाबून त्या स्वतःच दाखवतात. पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर ठेवून द्या, असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारी मच्छीवाली मी दुसरी पाहिलेली नाही.

पण मी हे लिहायला बसले ते ताजेपणासाठी नाही. या गाळ्यावर पंजापेक्षा लहान पापलेट मिळत नाही. मागूनही मिळत नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्यासमोर एका बाईंनी मुलीच्या डब्यासाठी छोटी पापलेटं मागितली. मावशी म्हणाल्या, "पोरं हायत ती, ताई. दर्यात असायला पायजेत." आणि त्यांनी त्या बाईंना मांदेलीचा वाटा दिला, वर मूठभर जास्त घालून. बाई कुरकुरल्या, पण घेऊन गेल्या.

महाराष्ट्र सरकारने २०२३मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. रुपेरी पापलेटसाठी ही मर्यादा १३५ मिलिमीटर आहे. आकडे केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेच्या अभ्यासावरून आले. माशाला निदान एकदा अंडी घालायची संधी मिळावी, एवढंच त्यामागे आहे. केरळने हे आपल्या आधी, २०१५पासून सुरू केलं होतं. त्याच २०२३च्या सप्टेंबरमध्ये रुपेरी पापलेट आपला राज्यमासा झाला. राज्यमाशाची पिल्लं मसाला लावून ताटात घ्यायची, हे मला तरी पटत नाही.

बंदरावर किती अधिकारी किती टोपल्या मोजणार? डोल जाळं प्रवाहाच्या तोंडाशी लावलेलं असतं, त्याच्या टोकाची आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक, त्यात जे शिरेल ते येतं. जाळ्यात आलेलं पिल्लू बहुतेक वेळा बंदरावर यायच्या आधीच मेलेलं असतं. म्हणून आस मोठी करायला हवीच. पण लहान मालाला गाळ्यावर भाव मिळत राहिला तर ती मोठी कोण करेल? मावशी लिलावातच लहान मालाकडे हात नेत नाहीत. कायद्यातली खरी ताकद मला तिथे दिसते. आणि त्यांचं माप १३५ मिलिमीटरपेक्षा मोठंच आहे. स्वतःचा पंजा त्या माशावर ठेवतात, शेपटी बोटांच्या बाहेर आली तरच घेतात. मला हे सरकारी मापापेक्षा जास्त आवडतं, कारण १३५ म्हणजे अगदी खालची रेघ आहे.

याउलट एका घरपोच मासळीच्या ॲपवर मी "बेबी पापलेट" नावाची पाकिटं पाहिली, सवलतीत. मागवली नाहीत. तक्रार लिहिली, उत्तरात पुढच्या खरेदीवर सूट मिळाली. संताप आला.

लहान दिसतो तो प्रत्येक मासा पिल्लू नसतो, हेही इथेच नीट कळतं. जवळा पूर्ण वाढला तरी तेवढाच. मांदेलीही फार मोठी होत नाही. ते बिनधास्त खा. बोंबील मात्र बघून घ्या. त्याची मर्यादा १८० मिलिमीटर, म्हणजे साधारण सात इंच. काडीसारखे बोंबील मावशींच्या टोपलीत नसतात.

पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक बोटींना बंदी असते. तेव्हा गाळ्यावर सुके बोंबील, सोडे, सुकट आणि थोडी खाडीची मासळी असते. जुलैत शेजारी सुरमई दिसली की लोक लगेच बंदी मोडली म्हणतात. तसंच असेल असं नाही. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे तिकडचा माल तेव्हा बर्फातून येऊ शकतो. मावशी कुठला माल आहे ते विचारल्यावर सांगतात, आणि तिकडचा असेल तर ताजा म्हणून खपवत नाहीत.

आता खटकणाऱ्या गोष्टी. भाव शेजारच्या गाळ्यांपेक्षा जास्त असतो आणि घासाघीस फार चालत नाही. मोठंच पापलेट ठेवायचं म्हणजे माल कमी, त्यामुळे सणाच्या आधी हात हलवत परतायची तयारी ठेवा. साफ करून देतात छान, भरलं पापलेट करायचं सांगितलं तर पोट न फाडता बाजूने चीर देतात, पण गर्दीत तुकड्या जाड-बारीक होतात. पिशवी घरून न्या.

रविवारी नऊच्या आत पोहोचा. मंगळवारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा निवांत बोलतात आणि त्या दिवशी काय घ्यावं, काय घेऊ नये हेही सांगतात. सुटे पैसे नसले तरी चालतं, त्यांच्या सुनेच्या फोनवर पैसे पाठवता येतात.