गाडी एक, कागद दुसऱ्याच गाडीचे

माझी उंची पाच फूट एक इंच. हे आधीच सांगते, कारण मी फसले त्याची सुरुवात तिथूनच झाली.

२०२५ च्या फेब्रुवारीत लर्निंग लायसन्स काढलं. घरीच, आधारवर, दादाच्या लॅपटॉपवर परीक्षा दिली. मुदत सहा महिन्यांची, आणि तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. स्कूटर येत होतीच, पण मला गिअरची गाडी हवी होती, आणि तीही ऑफ-रोड. आमचं आजोळ मुरबाडच्या पुढे. शेवटचे तीनेक किलोमीटर लाल मातीचा चढ आहे, आणि पावसाळ्यात तिथे स्कूटर मधोमध बसकण मारते. (मुंबईत जुलैमध्ये ऑफ-रोडसाठी मुरबाडला जायची गरजच काय, हा विनोद घरात सगळ्यांचा करून झाला आहे.)

रीतसर शोरूमपासून सुरुवात केली. हीरोच्या ऑफ-रोड गाडीवर, एक्सपल्स २०० वर बसले. सीटची उंची ८२५ मिलिमीटरच्या आसपास, एका बाजूला कलले की त्या पायाची बोटं टेकायची आणि दुसरा पाय हवेत. रॉयल एनफिल्डच्या जुन्या हिमालयनची सीट खाली, ८०० ची, पण वजन दोनशे किलोच्या घरात. साइड स्टँडवरून सरळ करतानाच मला घाम फुटला. कावासाकीची केएलएक्स २३० लांबूनच पाहिली, तिची सीट माझ्या कमरेच्या जवळ येत होती. एका ठिकाणी सेल्समन पोरगा म्हणाला, "मॅडम, स्कूटी का नाही बघत?" परत येताना ट्रेनमध्ये त्या एकाच वाक्यावर मी भांडुपपर्यंत धुमसत होते.

अशा मनःस्थितीत जाहिरात दिसली. ऑफ-रोड, हलकी, कमी उंचीची, मुंबई पासिंग, पेपर क्लिअर. गाडी कुर्ल्याला, गॅरेजांच्या गल्लीत.

गाडी पांढरी, कंपनीचं नाव कुठेच नाही, पुढे छोटा हेडलाइट, बारीक इंडिकेटर, दोन आरसे. मी बसले आणि दोन्ही पाय टेकले, टाचा जेमतेम अर्धा इंच वर. वजन शंभर किलोच्याही आत, आडवी झाली तर मी एकटी उचलू शकेन अशी. विकणाऱ्याने माझा तेव्हाचा चेहरा पाहिला आणि त्यानंतर हजार रुपयेही कमी केले नाहीत.

त्याची गोष्ट अशी. ही मूळची हीरो इम्पल्स, २०१२ ची. मालकाला रॅलीचा नाद, म्हणून सस्पेन्शन, टाकी, सीट सगळं बदललेलं. मालक आता गावी असतो, हा त्याच्या वतीने विकतोय. इम्पल्स नावाची दीडशे सीसीची ऑफ-रोड गाडी २०११ मध्ये आली होती आणि पुढे बंद पडली, एवढं मला वाचून माहीत होतं. त्यामुळे गोष्ट खोटी वाटली नाही. उलट आपल्याला काहीतरी दुर्मिळ मिळतंय असं वाटलं.

आरसीचं कार्ड हातात दिलं. मुदत २०२७ पर्यंत. मी सरकारच्या एमपरिवाहन अॅपवर नंबर टाकला. विमा चालू, पीयूसी चालू, कर्जाचा बोजा नाही. सगळं ठीक. आणि ती माहिती खरीच होती, फक्त ती त्या नंबरच्या गाडीची होती. माझ्या पायांमध्ये उभी असलेली गाडी कोणती, हे अॅपला कसं कळणार? थर्ड पार्टी विमा नंबर टाकून ऑनलाइन निघतो, गाडी बघायला कुणी येत नाही. पीयूसीवाल्याने प्लेटचा फोटो काढला आणि कागद दिला. एका नंबरावर सगळे कागद जमतात आणि सगळे खरे दिसतात.

संशय यायला जागा नव्हती असं नाही, भरपूर होती. चावीच नव्हती, चावीच्या जागी बटण. "रॅलीत चावी नसते, ताई." स्पीडोमीटर सायकलला लावतात तसला. नंबर प्लेट साधी. "हाय सिक्युरिटीचा नंबर लावलाय, अजून तारीख मिळाली नाही." आता, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती प्लेट लावण्यासाठी तेव्हा अख्खा महाराष्ट्र तारखा घेत होता आणि मुदत वाढत होती, त्यामुळे हेही पटलं. पण एका गोष्टीवर मी अजून स्वतःला शिव्या देते. आरसीवर आसनक्षमता दोन लिहिली होती, आणि समोरच्या गाडीला मागे बसायची जागा नव्हती, मागचे फूटरेस्टही नव्हते. मी विचारलंसुद्धा, कारण लर्निंगवाल्याने लायसन्स असलेला शिकवणारा सोबत घेऊनच रस्त्यावर जायचं असतं. तो हसला. "शिकताना एकटीची सीटच बरी, मागे वजन कशाला?"

टेस्ट राइड मी घेऊ शकत नव्हते. सोबत ऑफिसमधला मित्र होता, त्याने गल्लीत दोन फेऱ्या मारल्या आणि "मस्त पळते" म्हणाला. मस्त पळतच होती. त्यात काहीच खोटं नव्हतं.

पंचाण्णव हजार. दहा हजार टोकन, साठ हजार यूपीआयने आणि पंचवीस हजार रोख, कारण "मालकाला गावी रोख पाठवायचेत." यूपीआयवर नाव तिसऱ्याच माणसाचं आलं, तेव्हा म्हणाला, मेहुण्याचं खातं. गाडी नावावर करायचे टीटी फॉर्म, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, मालकाच्या सहीचे कोरेच मिळाले. मालकाला मी पाहिलं नव्हतं, फोनवर बोलले नव्हते, आणि त्याची सही खरी मानून घरी आले.

पुढचे एकोणीस दिवस, खरं सांगते, मजेचे गेले. पहाटे साडेपाचला सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत, पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल लावून. क्लच कधी सुटतो, कधी धरायचा, खडीवर मागचं चाक सरकलं की ब्रेक न मारता सांभाळायचं कसं, हे सगळं मी त्या गाडीवर शिकले. ऑफ-रोड शिकायला हलकी गाडी हवी हे शंभर टक्के खरं आहे, आणि त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

विसाव्या दिवशी ऑइल बदलायला आमच्या गल्लीतल्या मेकॅनिक काकांकडे गेले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हिला काय म्हणून घेतलंस?" मी म्हटलं, इम्पल्स. ते काही बोलले नाहीत. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं. गाडीची मान, म्हणजे हँडलची दांडी ज्या नळीतून जाते ती, उजव्या बाजूने उघडी पडली. तिथे काळा जाड स्टिकर होता. काकांनी नखाने कोपरा उचलून तो ओढला, खालचा चिकटा रॉकेलच्या फडक्याने पुसला, वहीचा कागद धातूवर धरला आणि कानामागची पेन्सिल आडवी करून वरून फिरवली. करड्या पट्ट्यात एकेक अक्षर पांढरं उमटत गेलं. पहिली दोन अक्षरं वाचून मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलेच, "एमएच! काका, एमएच आहे, महाराष्ट्राचीच!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, त्यात कीव होती. "अगं, पासिंग प्लेटवर असतं. हा जन्माचा नंबर. आरसी दे."

आरसीवर हा जन्माचा नंबर, म्हणजे चॅसिस नंबर, एमबीएलपासून सुरू होत होता. ती खूण हीरोची. चॅसिस नंबराच्या सतरा अक्षरांत पहिली अक्षरं देश आणि कंपनी सांगतात: एमए ते एमई भारत, एमएफ ते एमके इंडोनेशिया. माझी "महाराष्ट्राची" गाडी इंडोनेशियात जन्मली होती.

ती निघाली निव्वळ ट्रॅकसाठी बनवलेली डर्ट बाइक. अशा गाड्या आपल्याकडे उघडपणे विकल्या जातात, त्यात बेकायदा काही नाही. पण त्या खाजगी जागेत किंवा ट्रॅकवरच चालवायच्या. रस्त्यावर यायचं तर त्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते आणि त्या आधारावर कंपनी फॉर्म २२, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला, देते. तो नसेल तर आरटीओत नोंदणी होत नाही. मी कित्येक व्हिडिओ पाहिले होते, गोरी पोरं डर्ट बाइकला किट लावून, दिवे-आरसे बसवून नंबर घेतात. अमेरिकेतल्या काही राज्यांत ते चालतंही. आपल्याकडे चालत नाही. दिवा, हॉर्न, इंडिकेटर लावून गाडी रस्त्याची होत नाही, आणि दुसऱ्याची प्लेट लावली तर तो वेगळाच गुन्हा. मी कुणाला ठोकलं असतं तर विमा कंपनीने काय म्हटलं असतं, हा विचार मला त्या रात्री आला आणि झोप गेली.

मग बाकीचं नेहमीप्रमाणे. फोन बंद. गॅरेजवाला म्हणाला, "मैंने खाली गाडी खडी करने दी थी." १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, पहिलाच प्रश्न: पैसे कधी पाठवले? वीस दिवस झाले म्हटल्यावर पलीकडे जरा शांतता पसरली. तक्रार नोंदवून घेतली, पण खातं कधीच रिकामं झालं होतं. रोख पंचवीस हजारांचा तर पुरावाच नाही. पोलीस ठाण्यात आधी नुसता अर्ज घेतला, दोन हेलपाट्यांनंतर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) कलम ३१८(४). गाडी जमा. खरी इम्पल्स ज्यांची होती ते कल्याणचे गृहस्थ सापडले. त्यांनी ती चार वर्षांपूर्वीच भंगारवाल्याला दिली होती, आरसी कार्डासकट, आणि नोंदणी रद्द करायला आरटीओत गेलेच नव्हते. आता तेही माझ्यासोबत जबाब द्यायला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसतात. भला माणूस आहे, चहा पाजतो. पण भंगारात गाडी देताना कार्डही देऊन टाकणाऱ्यांनी हे वाचावं.

दादा म्हणतो, तू आरसी बघितलीस, अॅप बघितलंस, पीयूसी बघितलीस, फक्त गाडी बघितली नाहीस. त्याला बोलायला काय जातं, पण खरं आहे ते. मी बघत होते माझे पाय टेकतात का, आणि ते टेकले म्हटल्यावर बाकीचं मला खरं वाटायला हवंच होतं. पायांची अडचण काकांनी पंधरा मिनिटांत सोडवली. माणूस बसला की सस्पेन्शन दबतं आणि सीट खाली येते. थांबताना दोन्ही पाय कशाला हवेत, एक डावा पुरे, उजवा ब्रेकवर. सीटवर जरा डावीकडे सरकायचं, झालं. त्यांच्याकडे सर्व्हिसिंगला आलेल्या एका एक्सपल्सवर, मालकाला विचारून, त्यांनी हे माझ्याकडून वीस वेळा करून घेतलं.

गेल्या रविवारी अंधेरीला एक सेकंड हँड एक्सपल्स बघायला गेले. या वेळी सोबत काका होते, आणि गाडीचा मालक स्वतः, आधार कार्ड घेऊन. गाडी स्वच्छ पुसलेली, बिल्डिंगखाली उभी. मालक किल्ली पुढे करत म्हणाला, "ताई, आधी बसून तर बघा."

मी पर्समधून वहीचा कागद आणि पेन्सिल काढली. म्हटलं, "बसते. आधी हँडल डावीकडे वळवा."